चुंबक नाही, तरी काटा फिरतो

“मंग चुंबक कोठे शे?”

हा प्रश्न आमच्या आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्य अमळनेर तालुक्यात कपाशीत गेलं, शाळा सातवीपर्यंत. आखाजीला बहीण माहेरी आली होती आणि तिच्या मुलीने एमएस्सीच्या प्रकल्पाचे कागद अंगणात निंबाखाली पसरले होते. मी तिला सांगत होतो की इलेक्ट्रॉनजवळ होकायंत्रासारखा एक बारीक काटा असतो, आणि काही स्फटिकांमधून इलेक्ट्रॉन धावू लागला की आसपास चुंबक नसतानाही तो काटा फिरतो. आप्पांनी खाटेवर पडल्या पडल्या विचारलं, काटा फिरतो ना, मग चुंबक कुठे आहे?

भाचीने माझ्याकडे पाहिलं. पेपर तिने तीनदा वाचला होता, समीकरणंही तिला सुटत होती. ती अडली होती ती इथेच. तेव्हा हा लेख म्हणजे आप्पांना दिलेलं उत्तर समजा. थोडं लांबलंय.

आधी काटा. १९२२ साली श्टर्न आणि गेरलाख यांनी जर्मनीत फ्रँकफर्टला चांदीच्या अणूंचा झोत एका चुंबकाच्या फटीतून सोडला. फटीत एका बाजूला क्षेत्र जोरकस, दुसऱ्या बाजूला कमी. अणूंचे काटे वाटेल त्या दिशेला रोखलेले असते, तर काचेवर एक पसरट डाग पडायला हवा होता. पडले दोन वेगळे पट्टे, आणि मध्ये मोकळी जागा. तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन डच तरुणांनी सुचवलं की इलेक्ट्रॉनला स्वतःची एक गिरकी असते. तिलाच स्पिन म्हणतात. ही गिरकी आहे म्हणून इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबकही आहे. भोवऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर आलं तर येऊ द्या, फक्त त्याच्यावर फार भार टाकू नका. भोवरा एक पूर्ण फेरा फिरला की जसा होता तसा होतो. इलेक्ट्रॉन होत नाही, आणि त्याच्या या विचित्रपणाचं काम पुढे पडणार आहे.

आता चुंबक. भुसावळहून सुरत लाइनने येताना धरणगाव सुटलं की खिडकीबाहेर बघा. विजेचे खांब मागे पळत असतात. खांब जागचे हललेले नाहीत हे बांधावर उभ्या माणसाला ठाऊक आहे. पण खिडकीतल्या माणसापुरते ते पळतायत, आणि त्याचं मोजमाप करायचं तर ते पळतायत असंच धरून करावं लागतं. आता गाडीच्या जागी इलेक्ट्रॉन घ्या आणि खांबांच्या जागी स्फटिकातले विद्युतप्रभार. बाहेरून बघणाऱ्याला प्रभार स्थिर आहेत, त्यांचं फक्त विद्युतक्षेत्र आहे. पण धावत्या इलेक्ट्रॉनला ते प्रभार मागे पळताना दिसतात. पळणारा प्रभार म्हणजे वीजप्रवाह, आणि वीजप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. शाळेत बॅटरीच्या तारेजवळ होकायंत्र धरून आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे.

म्हणजे चुंबक कुणी आणून ठेवलेला नाही. इलेक्ट्रॉन धावतो म्हणून त्याच्यापुरता तो तयार होतो. इलेक्ट्रॉन थांबला की चुंबक गेला. उलट दिशेने धावला की चुंबकाचीही दिशा उलटली. हे उलटणं ध्यानात ठेवा.

“म्हंजे पयनारालेच दिसस,” आप्पा म्हणाले. पळणाऱ्यालाच दिसतो. स्पिन-ऑर्बिट परिणामाची एवढी आटोपशीर व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

(गाडीच्या या हिशोबात उत्तर बरोब्बर दुप्पट येतं. वळणावर धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची आपली चौकटही वळत असते, ते धरायचं राहून जातं. १९२६ मध्ये टॉमसने तो निम्म्याचा घोळ मिटवला. विद्यार्थी हा भाग गाळतात आणि मग तोंडी परीक्षेत अडकतात.)

मोकळ्या पोकळीत हा परिणाम इतका बारीक असतो की सोडून द्यावा. स्फटिकात मात्र तो लाखो पटींनी वाढतो. डिरॅकच्या समीकरणातून, म्हणजे वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या समीकरणातून, हा परिणाम काढताना एका मोठ्या ऊर्जेने भागावं लागतं. पोकळीत ती सुमारे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एक चिमुकलं माप) असते. सेमीकंडक्टरमध्ये तिची जागा बँड गॅप घेतो, म्हणजे बांधलेल्या आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांमधलं ऊर्जेचं अंतर. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तो १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. भाजक एवढा लहान झाल्यावर भागाकार मोठा येणारच. शिवाय अणू जितका जड, तितकं त्याच्या केंद्रकाजवळचं क्षेत्र जबरदस्त. बांधलेल्या इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यात यामुळे जी फट पडते ती सिलिकॉनमध्ये ०.०४४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, गॅलियम आर्सेनाइडमध्ये ०.३४ आणि इंडियम अँटिमोनाइडमध्ये जवळपास ०.८. मोबाइलपासून उपग्रहापर्यंत सगळीकडे सिलिकॉनचा तोरा चालतो, पण या गावात मान आहे तो इंडियमला.

आता विहीर. क्वांटम विहीर हे नाव रुळलंय, पण आपल्याकडच्या माणसाने विहिरीऐवजी वाफा डोळ्यांसमोर आणावा. दोन बांध आणि मध्ये पाणी. पाणी वाफ्यात हवं तसं पळेल, पण बांध ओलांडणार नाही. गॅलियम आर्सेनाइडचा एक पातळ थर घ्यायचा, समजा १० नॅनोमीटरचा. म्हणजे अणूंचे पस्तीसेक थर झाले. त्याच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे बांध घालायचे. बांधांमध्ये शिरायला जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे इलेक्ट्रॉन मधल्या थरात अडकतो. जाडीच्या दिशेने हलायला त्याला वाव नाही, थराच्या सपाटीत मात्र तो मोकळा आहे. असा थर निर्वात भांड्यात अणूंची वाफ सोडून सावकाश वाढवतात, साधारण सेकंदाला अणूंचा एक थर या गतीने. ही रीत १९६०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत बसली. बांध इतका नेटका की एका अणूच्या थरात पदार्थ बदलतो. आमच्याकडे ट्रॅक्टरने सरी पाडली तरी एवढी सरळ येत नाही.

वाफ्याची जमीन सपाट असेल तर पाणी दोन्ही बांधांना सारखं टेकतं. एका अंगाला उतार असला की ते त्याच बांधाला जाऊन दबतं. क्वांटम विहिरीतही हा उतार देता येतो. थराच्या वर धातूचा एक पत्रा बसवायचा आणि त्याला व्होल्टेज द्यायचं. या पत्र्याला गेट म्हणतात. उतार म्हणजेच विद्युतक्षेत्र, थराला काटकोनात. अशा उतरत्या वाफ्यात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला जो चुंबक जाणवतो तो थराच्या सपाटीतच असतो, आणि धावण्याच्या दिशेला काटकोनात. इलेक्ट्रॉन पूर्वेला निघाला तर चुंबक उत्तर-दक्षिण, उत्तरेला निघाला तर पूर्व-पश्चिम. बिचकोव्ह आणि राश्बा यांनी १९८४ मध्ये दोन मितींतल्या इलेक्ट्रॉनांसाठी हे मांडलं. राश्बा यांनी घन स्फटिकांसाठी तसाच विचार त्याच्या पंचवीस वर्षं आधी केला होता. आज नाव त्यांचंच चालतं: राश्बा परिणाम.

इथे एक मेख आहे, आणि भाचीने ती स्वतः काढली याचा मला आनंद झाला. ती म्हणाली, “मामा, इलेक्ट्रॉन विहिरीत अडकलाय. त्याच्यावरचं सरासरी बळ शून्य असणार, नाहीतर तो बाहेर पडेल. मग सरासरी विद्युतक्षेत्रही शून्य. चुंबक येतो कुठून?” एके काळी खुद्द या विषयातल्या लोकांनी हीच शंका काढली होती. उत्तर असं की विहिरीतला मोकळा इलेक्ट्रॉन पूर्ण मोकळा नसतो. त्याच्यात बांधलेल्या पट्ट्याचा थोडा अंश मिसळलेला असतो, आणि त्या पट्ट्याला बांधांची उंची वेगळी भासते. एकासाठी बेरीज शून्य झाली तरी दुसऱ्यासाठी होत नाही. उरतो तो चुंबक. बहुतेक सोप्या लेखांत गेटचं क्षेत्र थेट इलेक्ट्रॉनवर लावून मोकळं होतात. चित्र म्हणून ते ठीक आहे, आकडे मात्र चुकतात.

दुसरा एक चुंबक स्फटिकाच्या जडणघडणीतूनच येतो. भुसावळ-इगतपुरी मेमू पाहिली असेल. तिला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असते, कुठूनही बघा, सारखीच. सिलिकॉनचा स्फटिक तसा आहे. गॅलियम आर्सेनाइड मात्र नेहमीच्या एक्स्प्रेससारखा, एका टोकाला इंजिन. एका बाजूने बघितलं तर आधी गॅलियम लागतं, दुसऱ्या बाजूने आधी आर्सेनिक. डावं-उजवं एकसारखं नसलं की धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबक जाणवायला तेवढंही पुरतं. ड्रेसेलहाउस यांनी १९५५ मध्ये हे दाखवलं. राश्बाचा चुंबक गेटने कमी-जास्त करता येतो, ड्रेसेलहाउसचा बहुतांशी स्फटिकाने आणि थराच्या जाडीने ठरवून दिलेला असतो. दोघांच्या दिशांचे नियमही वेगळे.

चुंबक आभासी म्हणून हलक्यात घेऊ नका. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रात १.५ किंवा ३ टेस्लाचं क्षेत्र असतं. इंडियमच्या चांगल्या विहिरीत इलेक्ट्रॉन सेकंदाला काही शे किलोमीटर वेगाने धावतो, आणि त्याला जाणवणारं क्षेत्र एमआरआयला सहज मागे टाकतं. काटा अर्धा फेरा फिरायला पाव-अर्धा मायक्रोमीटर अंतर पुरतं.

यातूनच एक सुंदर कल्पना निघाली. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास हे दोघे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात होते. दत्ता खरगपूर आयआयटीचे. १९९० मध्ये त्यांनी एका नव्या ट्रान्झिस्टरचा आराखडा मांडला. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेट म्हणजे दारं धरणारा गडी: माती ओढून पाणी अडवतो, माती काढून सोडतो. दत्ता-दास यांच्या यंत्रात गेट पाणी अडवतच नाही. इलेक्ट्रॉन एका लोहचुंबकातून निघतात तेव्हा सगळ्यांचे काटे एका दिशेला असतात. वाटेत राश्बाचा चुंबक ते काटे फिरवतो. दुसऱ्या टोकाला पुन्हा लोहचुंबक. काटा त्याच्याशी जुळला तर आत घेतो, उलटा असला तर परतवतो. गेटने चुंबक जरा वाढवला की काटा जरा जास्त फिरतो, आणि तोच प्रवाह चालूचा बंद होतो. राश्बाची ताकद गेटने खरंच बदलते हे १९९७ मध्ये जपानमध्ये निट्टा आणि सहकाऱ्यांनी इंडियमच्या विहिरीत मोजून दाखवलं. २००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने असं पूर्ण यंत्र अतिथंड करून चालवलं. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये मात्र ते अजून आलेलं नाही.

का नाही? लोहचुंबकातून सेमीकंडक्टरमध्ये काटे एका दिशेत ठेवून इलेक्ट्रॉन सोडणंच अवघड आहे, हे एक कारण झालं. माझ्या मते खरी अडचण त्याहून खोलवर आहे, आणि भाचीला मी सगळ्यात जास्त वेळ तीच सांगत बसलो. ज्या चुंबकाने काटा फिरवायचा, तोच चुंबक काट्याची दिशा विसरायला लावतो.

इलेक्ट्रॉन वाफ्यात सरळ धावत नाही. अशुद्धी, बांधांचे खडबडीत भाग, स्फटिकाची थरथर, कशावर ना कशावर तो आदळतो आणि दिशा बदलतो. दिशा बदलली की चुंबकाची दिशा बदलली. चुंबकाची बदलली की काटा आता दुसऱ्याच अक्षाभोवती फिरू लागला. असे शंभर इलेक्ट्रॉन एकाच वेळी सोडा. प्रत्येकाची वाट वेगळी, प्रत्येकाचं फिरणं वेगळं. थोड्याच वेळात शंभर काटे शंभर दिशांना. द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी १९७१ मध्ये याचा हिशोब मांडला, आणि त्यातून निघालेला निकाल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: धक्के जितके जास्त, तितका काटा जास्त काळ शाबूत राहतो.

आठवडे बाजारात ऐन गर्दीत उभे राहा. डावीकडचा माणूस तुम्हाला जरा वळवतो, तोवर उजवीकडचा उलटा वळवतो. धक्के इतके भराभर बसतात की कुठल्याच बाजूला पुरतं वळणं होत नाही. तासाभराने पाहावं तर तोंड अजून बऱ्यापैकी त्याच दिशेला. विरळ गर्दीत एकच धक्का बसतो, पण तो तुम्हाला पूर्ण फिरवून सोडतो. काट्याचं तसंच आहे.

मग घाणेरडा, धक्क्यांचा थर घ्यावा आणि मोकळं व्हावं? तिथेच फसगत होते. धक्के वाढले की काटा टिकतो जास्त वेळ, पण तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन पुढे सरकतो कमी. दोन्हींचा गुणाकार केला की धक्क्यांचा हिशोब कटतो आणि काटा विसरण्याचं अंतर जवळपास तेच उरतं, काटा फिरायला लागतं तेवढं. म्हणजे ज्या अंतरात यंत्राने काम करायचं, त्याच अंतरात त्याची आठवण जाते. चुंबक वाढवलात तर फिरण्याचं अंतरही आखडतं, विसरण्याचंही.

हे सगळं डोळ्यांनी दिसत नाही. मोजता येतो तो रोध, म्हणजे वीजप्रवाहाला होणारा अडथळा. स्पिनचा हा खेळ रोधाच्या आलेखात कसा उमटतो ते सांगण्याआधी मी भाचीला स्वयंपाकघरातून ताट आणायला लावलं.

ताट उजव्या तळहातावर ठेवा. तळहात कायम आभाळाकडे, काही सांडायचं नाही. आता ताट बगलेखालून आत घेत एक पूर्ण फेरा फिरवा. ताट पहिल्या जागी आलं, पण कोपर वर गेलं आणि हात पिळला. थांबू नका. त्याच दिशेने आणखी एक फेरा, आता ताट डोक्यावरून न्या. पीळ उलगडला, हात सरळ. ताटाला एक फेरा पुरला, हाताला दोन लागले. इलेक्ट्रॉन हातासारखा आहे. एका पूर्ण फेऱ्यानंतर तो जसाच्या तसा होत नाही, त्याच्या तरंगाला उणे चिन्ह लागतं. दोन फेऱ्यांनी ते जातं. भाचीने ताटात आमरसाची वाटी ठेवूनच करून पाहिलं. दुसऱ्या फेऱ्याला थोडा रस तिच्या आजीच्या पदरावर गेला, पण मुद्दा समजला.

आता रोध. थंड विहिरीत इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो. समजा, धडकत धडकत तो एक वेढा घालून निघाल्या जागी परत आला. तोच वेढा उलट बाजूनेही घालता येतो. वेशीतून एकाने गावाला डावीकडून फेरा मारावा, दुसऱ्याने उजवीकडून, तसं. तरंग एकाच वेळी दोन्हीकडून जातो. दोन्ही वाटांची लांबी अगदी तीच, त्यामुळे वेशीत भेटताना दोन तरंग एका तालात असतात आणि एकमेकांत भर घालतात. म्हणजे इलेक्ट्रॉन परत येण्याची शक्यता वाढली. पुढे जाण्याची तेवढी घटली, रोध किंचित वाढला. स्पिन नसता तर गोष्ट इथेच संपली असती.

पण डावीकडून जाणाऱ्याचा काटा वाटेत एका तऱ्हेने फिरतो आणि उजवीकडून जाणाऱ्याचा त्याच्या नेमका उलटा, कारण दिशा उलटली की चुंबक उलटतो. वेशीत भेटताना दोघांच्या फिरण्यातला फरक दुप्पट झालेला असतो. तो फरक एक पूर्ण फेरा भरला तर उणे चिन्ह येतं, आणि एकमेकांत भर घालणारे तरंग आता एकमेकांना खोडतात. सगळ्या वेढ्यांची सरासरी काढली तर जिथे एक मिळायचा तिथे उणे अर्धा मिळतो. इलेक्ट्रॉन परत येणं टाळतो आणि रोध घटतो. हिकामी, लार्किन आणि नागाओका यांनी १९८० मध्ये याचं सूत्र दिलं. आता बाहेरून अगदी हलकं, खरं चुंबकीय क्षेत्र लावलं की दोन वाटांचा ताल बिघडतो, खोडाखोड थांबते आणि रोध पुन्हा वर चढतो. म्हणून आलेखात शून्य क्षेत्रापाशी एक चिमुकला खळगा दिसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना उंचवटे. उंचवटे शून्यापासून किती लांब आहेत यावरून आतल्या चुंबकाची ताकद काढता येते. दत्ता-दास यंत्र बाजारात आलं नसेल, पण हा खळगा रोज कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत मोजला जातो.

मी तो पहिल्यांदा पाहिला आणि फेकून दिला. संशोधनाच्या दिवसांत एका मोठ्या प्रयोगशाळेत मला चार रात्रींसाठी यंत्र मिळालं होतं. नमुना म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, कडांना इंडियमचे टिपके, त्यांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा. द्रव हेलियम, उणे २६९ अंश, त्यावर पंप लावून आणखी खाली. इकडे घरी मे महिन्यात पारा ४५ वर, आणि मी तिकडे स्वेटर घालून बसलेलो. आलेख थरथरत होता म्हणून मी नमुन्यातला प्रवाह दहापट केला. रेघ छान गुळगुळीत आली. खळगा नव्हता. जास्त प्रवाहाने इलेक्ट्रॉन तापतात आणि तरंगांचा ताल मोडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. तिसऱ्या रात्री प्रवाह कमी केला तेव्हा हजारातला एखादा भाग एवढा खळगा दिसला, पण शून्यावर नाही, दोन मिलिटेस्ला बाजूला. मी वहीत लिहिलं: सैल जोडणी. चौथ्या दिवशी सकाळी तिथल्या एका जुन्या तंत्रज्ञाने विचारलं, “क्षेत्र उलट बाजूने फिरवून पाहिलंस का?” फिरवलं, तर खळगा शून्याच्या दुसऱ्या अंगाला तेवढाच सरकला. अतिवाहक, म्हणजे रोध नसलेल्या तारेच्या, चुंबकाच्या वेटोळ्यांत आधीचं थोडं क्षेत्र अडकून राहतं. शून्य म्हणून यंत्र जे दाखवतं ते शून्य नसतंच. खळगा खरा होता. पण हेलियम संपलं होतं, आणि यंत्राची पाळी दुसऱ्याची होती.

विसरण्याच्या रोगावर एक उपाय सापडला आहे आणि तो फार देखणा आहे. पण आधी एक लहान प्रयोग. हातात पुस्तक घ्या. आधी डावीकडे पाव फेरा वळवा, मग पुढे पाडा. आता क्रम उलटा करा: आधी पुढे पाडा, मग डावीकडे वळवा. पुस्तक वेगळ्याच अवस्थेत येतं. वेगवेगळ्या अक्षांभोवतीच्या फेऱ्यांत क्रमाला महत्त्व असतं. काट्यांचा गोंधळ होतो तो यामुळेच. फिरण्याचा अक्ष एकच असता तर? रहाट आठवा. बादली कितीही वेळा वर घ्या, खाली सोडा, मध्येच थांबा. रहाटाचं चाक किती फेरे फिरलंय हे एवढ्यावरच ठरतं की बादली आत्ता किती खोल आहे. वाटेत काय झालं याची चाकाला फिकीर नाही.

गॅलियम आर्सेनाइडच्या विहिरीत राश्बा आणि ड्रेसेलहाउस या दोघांची ताकद बरोबर सारखी केली की हेच घडतं. इलेक्ट्रॉन कुठेही धावो, दोन्ही चुंबकांची बेरीज एकाच रेषेत पडते, कधी इकडे तोंड करून तर कधी तिकडे. मग काटा किती फिरला हे इलेक्ट्रॉन एका ठरावीक दिशेने किती सरकला एवढ्यावरच ठरतं. धक्के खाऊ दे, भटकू दे. श्लिमान, एग्वेस आणि लॉस यांनी २००३ मध्ये या बरोबरीवर ट्रान्झिस्टर सुचवला. २००६ मध्ये बर्नेविग, ओरेनस्टाइन आणि झांग यांनी दाखवलं की अशा विहिरीत काट्यांची एक टिकाऊ लाट तयार होते: सरकत जाल तसा काटा मळसूत्रासारखा फिरत जातो, काही मायक्रोमीटरला एक वेढा. २००९ मध्ये ती प्रयोगात सापडली, आणि २०१२ मध्ये झ्युरिचला तिचा फोटो म्हणावा असा नकाशा काढला गेला. बरोबरी शंभर टक्के साधत नाही. ड्रेसेलहाउसमध्ये एक हट्टी भाग असतो, इलेक्ट्रॉन वाढले की तोही वाढतो आणि गेटला जुमानत नाही. पण काटा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

या घराण्यात आणखी पुष्कळ मंडळी आहेत. साध्या प्रवाहाने वर-काट्याचे इलेक्ट्रॉन एका काठाला आणि खाली-काट्याचे दुसऱ्या काठाला लोटले जातात. हेही द्याकोनोव्ह-पेरेल यांनी १९७१ मध्येच सांगितलं होतं, दिसलं २००४ मध्ये. पारा आणि टेल्युरियमची विहीर ६.३ नॅनोमीटरपेक्षा जाड केली की आतला थर वाहायचा थांबतो आणि फक्त काठ वाहतात, प्रत्येक स्पिनला आपली एकेरी वाट. जर्मनीत वुर्झबुर्गला २००७ मध्ये ते मोजलं गेलं. तो वेगळा लेख होईल.

भाचीच्या कागदांत तिच्या गाइडनी दिलेले पाच आलेख होते. नमुना एकच, गेटचं व्होल्टेज पाच वेळा बदललेलं. चारांत शून्यापाशी खळगा. मधल्या आलेखात खळगा नाहीच, उलट टोकदार उंचवटा. त्याच्या कोपऱ्यात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: सॅम्पल गेलं? काढून टाकायचा?

मी तिला विचारलं, काटे एकाच अक्षाभोवती फिरत असतील तर दोन वाटांनी वेशीत भेटणाऱ्यांच्या काट्यांत फरक किती राहील? दोघेही निघाल्या जागीच परत आलेत. रहाटाची बादली पुन्हा काठावर. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शून्य. म्हणजे उणे चिन्ह नाही. खोडाखोड नाही.” आणि मधल्या आलेखाचं व्होल्टेज वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

आप्पांना एव्हाना झोप लागली होती. झोक्यावरच्या पोरांनी दोर पिळून पिळून सोडला होता आणि तो उलटा उलगडत होता.